टीव्हीला जोडलेलं ग्राफिक्स कार्ड : चित्र येतं, पण नीट येतं का?

ग्राफिक्स कार्डाची परीक्षणं वाचली की कोणत्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या, कार्ड किती तापलं, पंख्याचा आवाज किती झाला, हे सगळं कळतं. मागच्या पट्टीवरच्या एचडीएमआय पोर्टबद्दल, म्हणजे टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणारी केबल जिथे लागते त्याबद्दल, मात्र ‘एक पोर्ट आहे’ यापलीकडे कुणी लिहीत नाही. माझं सगळं काम त्या एका पोर्टवर चालतं, म्हणून हे परीक्षण फक्त त्याचं आहे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पानं पीडीएफमध्ये येतात, त्यांवर लाल रंगात दुरुस्त्या करून परत जातात. जवळच्या मॉनिटरकडे तासन्‌तास बघणं डोळ्यांना सोसेना, तेव्हा कॉम्प्युटर ५५ इंची ४के (३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या) टीव्हीला जोडला आणि खुर्ची मागे घेतली. त्याच टीव्हीवर घरचे सिनेमे बघतात, मुलगा गेम खेळतो. पण कार्डाची खरी परीक्षा अक्षरांनी घेतली. अनुस्वार स्वच्छ दिसतो का, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी लांबून वेगळ्या ओळखू येतात का, रफार शिरोरेषेत बुडतो का, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत होते का? सिनेमा बघणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. वाचणाऱ्याचं मात्र यांवाचून भागत नाही.

कार्ड मधल्या फळीतलं आहे. मागे एक एचडीएमआय २.१ आणि मॉनिटरसाठी वापरतात ते तीन डिस्प्लेपोर्ट. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं जवळपास सगळं याच वर्गातल्या कुठल्याही कार्डाला लागू आहे.

निकाल आधीच सांगते : पाचपैकी चार. सगळं जुळवून झाल्यावर या कार्डातून टीव्हीवर येणारं चित्र अप्रतिम आहे, कागदावरच्या छपाईइतकं ठाशीव. पण खोक्यातून काढून लावल्यावर ते जसं येतं तसं वापरलं तर कुणालाही वाटेल की टीव्ही वाचायच्या कामाचा नाही. एक तारा कापला तो त्यासाठी.

सुरुवात ‘नो सिग्नल’पासून. कॅबिनेटचा दिवा लागतो, पंखे फिरतात आणि टीव्हीवर फक्त ती पाटी. अशा वेळी पहिल्यांदा बघायचं ते केबल कुठे लागली आहे ते. मदरबोर्डलाही स्वतःचा एचडीएमआय पोर्ट असतो, तो कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात, कीबोर्ड-माऊसच्या यूएसबी पोर्टांच्या शेजारी. कार्डाचा पोर्ट खाली, आडव्या पट्टीवर. वेगळं कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड आपला पोर्ट बंद करून टाकतात. त्यामुळे वरच्या पोर्टमध्ये केबल असेल तर कार्ड कितीही चांगलं असो, पडदा कोराच राहणार.

माझ्याकडे केबल बरोबर जागी होती, तरी कधी चित्र यायचं, कधी नाही. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. एचडीएमआयच्या नेहमीच्या जोडणीत १९ पिना असतात. १८ नंबरच्या पिनेवरून कार्ड टीव्हीला ५ व्होल्ट पाठवतं. १९ नंबरच्या पिनेवरून टीव्ही ‘मी आहे’ असं कळवतो, तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मग १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून कार्ड टीव्हीची माहिती वाचून घेतं. ही माहिती म्हणजे ईडीआयडी : १२८ बाइटचा मूळ भाग आणि टीव्हीच्या बाबतीत त्याला जोडलेली पुरवणी. टीव्हीचं नाव, त्याचं मूळ रिझोल्यूशन, चालणारे रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं ते, हर्ट्झमध्ये), रंगांचे प्रकार, आवाजाचे किती चॅनल चालतात, सगळं त्यात असतं. कार्ड स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. टीव्ही जे सांगेल त्यावर विसंबून ते सिग्नल पाठवतं.

आता टीव्ही झोपलेला असताना कॉम्प्युटर सुरू केला आणि टीव्हीने १९ नंबरच्या पिनेवर हालचालच केली नाही, तर कार्डाच्या दृष्टीने तिथे काहीच जोडलेलं नाही. उत्तर अर्धवट मिळालं तर कार्ड सावध पवित्रा घेतं आणि १०२४ बाय ७६८ सारखं जुनं रिझोल्यूशन पाठवतं. माझ्या घरी नेमकं हेच होत होतं. टीव्ही आधी लावायचा, योग्य इनपुट निवडायचा आणि मग कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, हा क्रम ठरवल्यावर सुरू होतानाची कटकट संपली. चालू कॉम्प्युटरवर चित्र गेलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि बहुतेक वेळा चित्र परत येतं. उघडलेल्या फाइली तशाच राहतात. विंडोज आणि पी दाबून डिस्प्ले ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’वर अडकला आहे का, तेही बघावं.

चित्र आलं की दुसरी तक्रार लगेच डोळ्यांत भरते : कडा कापलेल्या असतात. खालचा टास्कबार अर्धाच दिसतो, कोपऱ्यातलं घड्याळ गायब, पानाच्या पहिल्या ओळीची शिरोरेषा पडद्याबाहेर. याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि ही सवय पिक्चर ट्यूबच्या टीव्हींपासूनची आहे. ट्यूबच्या कडेला चित्र वेडंवाकडं व्हायचं, म्हणून टीव्ही ते थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायचा. सपाट पडद्यांना याची काही गरज नाही, तरी कित्येक टीव्हींत ही सेटिंग अजून चालूच येते. पाच टक्के ओव्हरस्कॅन धरला तर कार्डाने पाठवलेल्या ३८४० उभ्या रांगांपैकी ३६४८ रांगांचाच भाग ताणून पूर्ण पडद्यावर पसरतो. म्हणजे कडा तर जातातच, शिवाय एक ठिपका एका ठिपक्यावर बसत नाही आणि सगळी अक्षरं किंचित धुरकट होतात. हे धुरकटपण जास्त वाईट, कारण कापलेली कड दिसते तरी, धुरकटपणाचा दोष मात्र माणूस आपल्या चष्म्याला देतो.

इथे माझं ठाम मत आहे. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये चित्र लहान करायची सोय असते, कुठे ‘डेस्कटॉपचा आकार बदला’, कुठे ‘एचडीएमआय स्केलिंग’. सरकपट्टी ओढली की टास्कबार पडद्यात येतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. ती सरकपट्टी वापरू नका. कार्ड चित्र आकसून पाठवतं, टीव्ही ते पुन्हा ताणतो, आणि दोनदा मळलेल्या कणकेसारखी अक्षरांची धार पार जाते. दुरुस्ती टीव्हीतच करायची. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’, ‘फुल पिक्सेल’, ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’ अशा कुठल्यातरी नावाने ती सोय असते. एलजीच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, शार्पमध्ये ‘डॉट बाय डॉट’. ती चालू केली की ड्रायव्हरचं स्केलिंग शून्यावर आणून ठेवायचं.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कडा जागेवर आल्या, विंडोज ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ दाखवत होतं, तरी माझ्या लाल दुरुस्त्या फिसकटलेल्या दिसत होत्या. पांढऱ्यावरची काळी अक्षरं बरी होती. पण समासात लाल रंगात लिहिलेला अनुस्वार शेजारच्या पांढऱ्यात विरघळल्यासारखा, आणि ओळीतून मारलेली बारीक लाल रेघ कुठे गडद तर कुठे फिकी. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका एवढंच उत्तर आलं. तसं केलं, फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण दोष ड्रायव्हरच्या फाइलींत नव्हताच.

हिशोब असा आहे. ४के चित्राच्या दिसणाऱ्या ठिपक्यांबरोबर न दिसणारा मोकळा भागही केबलमधून जातो, त्यामुळे एकूण चौकट ४४०० बाय २२५० ठिपक्यांची होते. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ५९.४ कोटी ठिपके, ५९४ मेगाहर्ट्झ. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, रंगामागे ८ बिट, आणि वाटेत चुका होऊ नयेत म्हणून दर ८ बिटांना १० बिट पाठवायची पद्धत. गुणाकार केला की सेकंदाला १७.८२ गिगाबिट होतात. २००९च्या एचडीएमआय १.४ची मर्यादा होती १०.२ गिगाबिट, म्हणजे त्यात ४के फक्त ३० हर्ट्झला बसायचं. २०१३मध्ये २.० आलं, १८ गिगाबिटांचं. त्यात ६० हर्ट्झ जेमतेम मावतं. २०१७च्या २.१मध्ये ४८ गिगाबिट आणि १२० हर्ट्झ.

कार्ड २.१चं, टीव्हीही नवा, मग अडचण कुठे? टीव्हीच्या पोर्टच्या सेटिंगमध्ये. जुन्या सेट-टॉप बॉक्सना त्रास होऊ नये म्हणून बरेच टीव्ही आपले पोर्ट सुरुवातीला साध्या, कमी वेगाच्या पद्धतीवर ठेवतात आणि ईडीआयडीतही तेवढंच सांगतात. मग ६० हर्ट्झ तर द्यायचं आहे आणि रस्ता अरुंद, अशा वेळी कार्ड रंगाची माहिती कापतं. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते, रंगाची मात्र चार ठिपक्यांच्या चौकोनात मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सगळा मामला ८.९१ गिगाबिटांत बसतो. सिनेमे मुळात असेच साठवलेले असतात, म्हणून सिनेमात काहीच बिघडत नाही. पण एक-दोन ठिपके रुंदीची लाल रेघ पांढऱ्या पानावर काढली की तिचा रंग शेजाऱ्यांत वाटला जातो. माझा अनुस्वार असा विरघळत होता. विंडोजमधलं क्लियरटाइप अक्षरांच्या कडांना बारीक रंगछटा देऊन ती गुळगुळीत करतं, त्यामुळे ४:२:०मध्ये काळ्या अक्षरांनाही हळूहळू मळकट किनार दिसायला लागते.

उपाय टीव्हीत आहे आणि तो दर पोर्टला वेगळा करावा लागतो. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’खाली ‘एन्हान्स्ड’. कॉम्प्युटर ज्या पोर्टला जोडला आहे त्या पोर्टसाठी ते चालू करायचं. काही टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात, तेव्हा पोर्टशेजारी छापलेलं बारीक अक्षर टॉर्च लावून वाचावं. त्यानंतर टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करावं. सॅमसंग आणि एलजीच्या कित्येक टीव्हींत हे केल्याशिवाय टीव्ही पूर्ण रंग घेतच नाही, कार्डाने पाठवले तरी आतल्या आत कापतो. ‘पीसी’ केल्यावर धार वाढवणारी, चित्रातले दाणे कमी करणारी, हालचाल गुळगुळीत करणारी सगळी प्रक्रियाही बाजूला होते. शेवटी कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी किंवा ४:४:४ निवडायचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग न कापता जातो.

खरंच झालं का, हे कुणाला विचारायची गरज नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. रिफ्रेश रेट, बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट तिथे लिहिलेले असतात. त्यापेक्षा भरवशाची परीक्षा म्हणजे पेंटमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात, लहान आकारात ‘किंवा, कैरी, मर्म, ध्येय, घंटा’ असे शब्द लिहायचे आणि पडद्याजवळ जाऊन बघायचं. ४:४:४ असेल तर प्रत्येक वेलांटी वेगळी, टोकदार. ४:२:० असेल तर शब्दांऐवजी जांभळट गाळ. एकदा हा फरक बघितला की दुसरीकडच्या टीव्हीवरही तो लगेच ओळखता येतो.

या कार्डाला माझी पूर्ण दाद मिळते ती इथे. रस्ता मोकळा मिळताच त्याने काही न कापता सगळं पाठवलं. ५५ इंची ४के पडद्यावर इंचाला ८० ठिपके पडतात, जवळच्या चांगल्या मॉनिटरपेक्षा कमी. पण स्केलिंग २०० टक्के ठेवून खुर्ची मागे घेतली की अक्षर असं उभं राहतं की दिवसभर वाचूनही डोळे ताजे वाटतात.

पुढचा घोळ काळ्या रंगाचा. अक्षरं सुधारली, पण काळं राखाडी दिसत होतं, जणू पडद्यावर धुकं आहे. टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५ या आकड्यांनी दाखवायची पद्धत आहे, कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. एकाला मर्यादित पल्ला म्हणतात, दुसऱ्याला पूर्ण. टीव्हीच्या ठरलेल्या रिझोल्यूशनांना मर्यादित पल्ला हाच नियम धरलेला आहे, म्हणून समोर टीव्ही दिसला की ड्रायव्हर बरेचदा १६ ते २३५ पाठवतो. टीव्ही मात्र ‘पीसी’ इनपुट म्हणून ० ते २५५ची वाट बघत असेल तर १६ हा त्याला काळा न वाटता राखाडी वाटतो. उलट घडलं, म्हणजे कार्ड पूर्ण पाठवतंय आणि टीव्ही मर्यादित समजतोय, तर सावल्यांतलं सगळं तपशिलासकट काळ्यात गडप होतं. अंधारातल्या प्रसंगांत नटाचा कोट दिसेनासा होतो तो यामुळे.

दोन्ही बाजू जुळल्या की झालं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’च्या पानावर खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’ आहे. तिथे ‘फुल’ निवडायचं आणि टीव्हीच्या ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘व्हिडिओ रेंज’मध्ये त्याच्या जोडीचा पर्याय. तपासायला पेंटमध्ये शून्य काळ्याच्या शेजारी १०, १०, १० या आकड्यांचा चौकोन भरा. खोली अंधारी करून बघितलं तर दोन्हींमधली सीमा अगदी पुसट, पण दिसायला हवी. आणि शून्य काळा खरोखर काळा हवा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवून-कमी करून हे कधीच सुटत नाही, लोक तिथेच झटत बसतात याचं वाईट वाटतं.

आवाजाचं थोडक्यात. एचडीएमआयमधून आवाजही जातो आणि तो कार्डातूनच जातो, मदरबोर्डच्या साउंड चिपमधून नाही. पूर्वीच्या काही कार्डांना त्यासाठी मदरबोर्डावरून आवाजाची एसपीडीआयएफ नावाची वेगळी बारीक केबल द्यावी लागे, आता कार्डाचं स्वतःचं ऑडिओ असतं. त्यामुळे विंडोजच्या साउंडमध्ये टीव्हीच्या नावाचं नवं साधन येतं आणि तेच निवडावं लागतं, नाहीतर आवाज मदरबोर्डच्या रिकाम्या पोर्टला जात राहतो. टीव्हीचं नाव यादीत नसेलच, तर ईडीआयडी नीट वाचली गेली नाही असं समजा आणि वरचा क्रम पुन्हा करा. कार्डाच्या डीव्हीआय या जुन्या प्रकारच्या पोर्टला साधा अडॅप्टर लावून एचडीएमआय केलं असेल तर बऱ्याच जोड्यांमध्ये आवाज येतच नाही. या कार्डाला एक खोड आहे : काही वेळ शांतता असेल तर आवाजाची वाट झोपते आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. सिनेमात कळत नाही. मी ध्वनिमुद्रित मजकूर ऐकत संहिता तपासते तेव्हा मात्र फार खटकतं.

केबलबद्दल भरपूर गैरसमज आहेत. सिग्नल आकड्यांचा आहे, त्यामुळे महाग केबलने रंग खुलत नाहीत, काळं अधिक काळं होत नाही, सोन्याच्या मुलाम्याने अक्षर ठाशीव होत नाही. केबल कमी पडली की खुणा वेगळ्या असतात : पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या चमकतात, किंवा चित्र सेकंदभर जाऊन परत येतं. माझ्या जुन्या लांब केबलवर १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपके, ६० हर्ट्झ) आणि ४के ३० हर्ट्झ निर्मळ होतं, ६० हर्ट्झ पूर्ण रंगात लावताच ठिणग्या सुरू. १०८०पीला लागणारा वेग १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ५९४चा बरोबर चौथा भाग. तेवढ्यात तगणारी केबल चौपट वेगात उघडी पडली. शंका आली तर रिझोल्यूशन तात्पुरतं उतरवून बघणं हीच सोपी चाचणी. ठिणग्या गेल्या तर केबल बदला.

नवी घेताना ‘२.१ केबल’ या शब्दांवर जाऊ नका, केबलींना तसे नंबर द्यायची अधिकृत पद्धतच नाही. नाव बघा : १८ गिगाबिटांसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, ४८ गिगाबिटांसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दुसऱ्या प्रकारच्या खोक्यावर प्रमाणपत्राचं लेबल असतं, त्यावरचा क्यूआर कोड फोनने तपासता येतो. तांब्याची केबल जितकी आखूड तितकी बरी. खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची असेल तर प्रकाशतंतूंची केबल असते, पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीतून ओवण्याआधी ते बघून घ्यावं.

सिनेमांसाठी एकच गोष्ट सांगते. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ किंवा २३.९७६ चौकटींचे असतात, आणि ६० हर्ट्झवर त्या समान वाटल्या जात नाहीत, एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा सावकाश सरकतो तेव्हा जी बारीक अडखळण दिसते ती यामुळे. कार्ड २३ हर्ट्झचा पर्याय देतं, विंडोजमध्ये काही ठिकाणी २३.९७६लाच २३ असं लिहिलेलं असतं. चांगल्या व्हिडिओ प्लेयरमध्ये तो आपोआप बदलायची सोय असते. सिनेमा संपला की पुन्हा ६०वर यायला हवं, नाहीतर माऊस रांगतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारी पद्धत, मी डेस्कटॉपवर बंदच ठेवते. चालू केलं की पांढरं पान फिकं पडतं आणि वाचायला त्रास होतो. मुलाच्या गेमसाठी ते चालू होतं, तेव्हा दिसतं मात्र देखणं. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावल्यावर माऊसचा उशीर जाणवेनासा झाला आणि १२० हर्ट्झवर तर लांबलचक पीडीएफ सरकवतानाही अक्षरं वाचता येतात. हे सुख मला अपेक्षित नव्हतं.

कुणी घेऊ नये तेही सांगते. टीव्ही एचडीएमआय १.४च्या काळातला असेल आणि काम मुख्यतः वाचण्या-लिहिण्याचं असेल, तर या कार्डाने काही साधणार नाही. ४के फक्त ३० हर्ट्झला मिळेल आणि त्यावर लिहिताना अक्षर बोटांच्या मागून येतं. अशा टीव्हीवर १०८०पी, ६० हर्ट्झ, पूर्ण रंग हेच वाचायला बरं, आणि तेवढं मदरबोर्डचा पोर्टही देतो. दोन टीव्ही लावायचे असतील तरी विचार करा, एचडीएमआय एकच आहे. डिस्प्लेपोर्टवरून दुसरा टीव्ही चालतो, पण पूर्ण वेग हवा तर साधा अडॅप्टर पुरत नाही, आत स्वतःची चिप असलेला, अ‍ॅक्टिव्ह म्हणतात तो घ्यावा लागतो.

दोन तक्रारी अजून सुटलेल्या नाहीत. टीव्ही रिमोटने बंद केला की १९ नंबरची पिन खाली जाते, विंडोजला वाटतं पडदाच काढून नेला, आणि परत लावल्यावर उघडलेल्या खिडक्या एका कोपऱ्यात लहान होऊन बसलेल्या असतात. मधे थांबायचं असेल तर टीव्ही बंद न करता कोरं काळं चित्र लावून ठेवते. दुसरी तक्रार सीईसीची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एचडीएमआयमधून एकमेकांना चालू-बंद करायच्या सोयीची. सेट-टॉप बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप जागा होतो, ते १३ नंबरच्या पिनेवरून. ग्राफिक्स कार्डं सहसा ती पिन वापरतच नाहीत, हेही नाही वापरत. कार्डाला एवढा मोठा खोका देणाऱ्यांना ही एक तार जोडायला जड जाऊ नये. तोवर सकाळी कामाला बसताना आधी रिमोट, मग इनपुट, मग कॉम्प्युटरचं बटण.